ज्वारीच्या टबात पाय

हे मी कुणाला धीर द्यायला लिहीत नाही. धीर देणाऱ्या माणसांचा मला संताप येतो. माझ्या उशाशी बसून "होईल सगळं नीट" म्हणणाऱ्या बाया दाराबाहेर पडल्यावर काय बोलायच्या ते मला शब्दन् शब्द ऐकू यायचं, कारण त्या दिवसांत माझे कान नको इतके तिखट झाले होते. तरी लिहिते. खेड्यात कुणाच्या घरी हे दुखणं आलं तर निदान माझ्या चुका तरी त्यांनी करू नयेत. मी सुनंदा. दिंद्रुडच्या अंगाला एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पोरं मला बाई म्हणतात. पूर्वी भ्यायचीही. भ्यायलाच पाहिजे, असं तेव्हा माझं मत होतं.

बरी झाले तो दिवस

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. मला मेंदूज्वर झाला आणि मी अकरा दिवस बेशुद्ध होते. त्या अकरा दिवसांबद्दल मला काही सांगता येणार नाही, कारण मी तिथं नव्हतेच. शुद्धीवर आले तेव्हा सगळ्यांची नावं बरोबर सांगितली, सतराचा पाढा म्हणून दाखवला. डॉक्टर खूश झाले. माझ्या मालकांनी, म्हणजे नवऱ्यानं, वॉर्डात पेढे वाटले. एका नर्सनं "चला ताई, उठून बसा" म्हणत माझ्या दंडाला धरलं आणि मी अशी किंचाळले की शेजारच्या खाटेवरची म्हातारी रडायला लागली.

नर्सच्या हातात तापलेली सळई आहे असं मला वाटलं होतं. हात रिकामाच होता.

मग एकेक कळत गेलं. साडीचा काठ पोटऱ्यांना लागला की काचेनं कापल्यासारखं व्हायचं. पंख्याचा वारा सुया टोचायचा. वाटी जमिनीवर पडली की डोक्यात कुणी हातोडा घातला असं वाटायचं. डॉक्टरांनी तिसऱ्या दिवशी आम्हाला दोघांना समोर बसवलं.

"ताप गेला," ते म्हणाले, "पण मेंदूला अजून स्पर्श ओळखता येत नाही. कुणी नुसता हात लावला तरी त्याला भाजल्यासारखं वाटतं."

"गोळी कोणची द्यायची साहेब?" मालकांनी विचारलं.

"गोळी नाही. यांना खेळावं लागेल."

मालकांना वाटलं साहेब चेष्टा करतात. डॉक्टर म्हणाले, विशेष मुलांसाठी स्पर्शाची खेळणी असतात. झोळ्या, ब्रश, दाण्यांचे टब, चेंडूंचे हौद. मेंदू त्यातूनच हळूहळू पुन्हा शिकतो, मूल असो की मोठं माणूस. "आणि तुम्हाला लांब जायलाही नको. तुमच्या साखर कारखान्याच्या शाळेत अशी खोली आहे. उद्घाटनाला मी आलो होतो."

"ती वेड्यांची शाळा?" मी म्हणाले. शिक्षिका असून हे शब्द माझ्या तोंडून गेले, लपवत नाही.

हात लावून बघू

गावात बातमी पसरली की मास्तरीणबाईला हात लावला की ती ओरडती. मग काय विचारता! टँकरच्या रांगेत घागर ठेवून बाया मला बघायला यायच्या. एकीनं गप्पा मारता मारता माझ्या अंगठ्याला बोट लावलं. मी ओरडले. ती दुसरीला म्हणाली, "बघ, म्या म्हनलं न्हवतं का!" दुसरीला खरं वाटेना, म्हणून तिनंही लावून बघितलं. दोघी चहा पिऊन गेल्या.

सासूला आम्ही आत्याबाई म्हणतो. त्यांना हा नखरा वाटायचा. "आमालाबी ताप आलते," त्या म्हणायच्या, "अंगाला हात लावू नगा म्हनून कुनी बसलं न्हाई." त्या माझ्या मोठ्या जावेबरोबर, लताताईबरोबर, पलीकडच्या आळीत राहायच्या. माझे दीर उसाच्या ट्रॅक्टरखाली गेले तेव्हा लताताई सव्वीस वर्षांच्या होत्या. मूलबाळ नव्हतं. मी दवाखान्यात असताना माझी लेक ईश्वरी त्यांनीच सांभाळली होती. वीस महिन्यांची होती ईसू.

घरी आल्यावर चौथ्या सकाळी मी खाटेवर पाठमोरी बसले होते. ईसू मागून आली, माझ्या गळ्याला मिठी मारली आणि लाळेनं ओलं झालेलं तोंड माझ्या मानेवर टेकवलं.

मला तेव्हा माझी लेक आठवली नाही. मानेवर उकळतं तेल सांडलं एवढंच कळलं. मी तिचा दंड धरून तिला फेकलं. घरात पाण्याची टिपाडं ओळीनं मांडलेली होती, त्यातल्या एकाच्या काठावर तिचं तोंड आपटलं. ओठ फाटला, दोन टाके पडले. ती रडतानाही हात माझ्याकडंच करत होती आणि मी भिंतीला चिकटून ओरडत होते, "हिला घ्या कुणीतरी, हिला लांब न्या."

रेघ

आता माझी सगळ्यात मोठी चूक सांगते. ती कुणी माझ्यावर लादली नाही, माझ्याच डोक्यातून आली. मी मास्तरीण. अडचण आली की मला नियम सुचतो.

मी मालकांना खडू आणायला लावला आणि शहाबादी फरशीवर मध्यावर आडवी रेघ मारून घेतली. रेघेच्या इकडं मी, तिकडं ईसू. तिचं पाऊल रेघेवर पडलं की मी वर्गातल्या आवाजात म्हणायची, "ईसू, मागं!" ती दचकायची, ओठ काढायची आणि मागं जायची. चार दिवस लागले. पाचव्या दिवशी ती पळत आली आणि रेघेला अंगठे टेकवून आपली आपण थांबली. खाली बसली. तिथूनच बाहुली माझ्याकडं धरली.

सगळ्यांनी तिचं केवढं कौतुक केलं! "लई हुशार हाय लेकरू," मालक म्हणाले. मलाही अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

पुढच्या आठवड्यात आत्याबाई आल्या. रेघ बघितली. "लेकराला असं किती दिस रेघंमागं बसवायचं? लताकडं ऱ्हाऊ दे तिला. तू बरी झालीस की घेऊन ये."

"नक्की देताल ना?" मी विचारलं.

"तुजंच हाय ते. आमी काय ठेवून घ्यायलोत का?"

मालकांनी मान डोलावली. त्यांचं दूध संघाचं संकलन केंद्र बंद पडलं होतं आणि ते आमच्या दोन म्हशी घेऊन चारा छावणीवर राहायला निघाले होते. मी हो म्हणाले. म्हणजे हिशेब सरळ होता. मी कुणाचा स्पर्श सोसायला शिकले की माझी लेक मला परत मिळणार होती. मला दुसरं काहीही नको होतं.

कारखान्याची खोली

कारखान्याचं धुराडं त्या वर्षी पेटलंच नाही. ऊसच नव्हता. चलतीच्या काळात संचालक मंडळानं आवारात शाळा बांधली, दवाखाना बांधला आणि त्यातच ही मतिमंदांची निवासी शाळा. नावाला शाळा. तिथं सात वर्षांची पोरं होती तशी चाळिशीची माणसंही होती, ज्यांना घरचे न्यायला आले नव्हते.

खेळण्यांच्या खोलीच्या दारावर उद्घाटनाची पाटी होती आणि आत सगळं होतं. छताला टांगलेली लवचीक कापडाची झोळी. रंगीत चेंडूंचा हौद. मऊ, खरखरीत, गुळगुळीत अशा पट्ट्या लावलेला फळा. थरथरणारी उशी. माणूस पालथं पडेल एवढा रबरी गोळा. आणि ह्या सगळ्याला प्लास्टिकची कव्हरं. फळ्यावरसुद्धा पारदर्शक कागद ठोकलेला. पोरांनी बोटं फिरवून निरनिराळे स्पर्श ओळखायचे, तर सहा वर्षं त्यांनी नुसतं प्लास्टिक चाचपलं होतं.

मला नवल वाटलं नाही. आमच्याकडं नव्या सोफ्याचं कव्हरही पाहुणे आल्याशिवाय निघत नाही.

खोली सांभाळणारी वंदना चौसाळ्याची. तिशीची, काटक, फटकळ. तिनं मला आत घेतलं आणि मी त्या झोळीत टेकले. प्लास्टिक चुरचुरलं. मी कानावर हात दाबून खाली बसले. डोळे उघडले तर कोपऱ्यात एक मोठी मुलगीही तशीच कान दाबून बसलेली. वंदनानं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि स्वयंपाकघरातून विळा घेऊन आली.

अधीक्षक मागून धावत आले. "अहो मॅडम, अहो कव्हर नका फाडू! मंडळ आलं बघायला तर?"

"मंडळ कुठं ऱ्हायलंय सर? कारखान्याला कुलूप हाय. कोन इचारतंय?" वंदनानं सर्रकन झोळीचं कव्हर चिरलं. मग फळ्याचं. मग गोळ्याचं. "सहा वर्सं ह्या पोरांनी पन्नी चाचपली. कळालंच न्हाई मला ती काहून शिकंनात. मीबी येडीच."

अधीक्षक त्या पन्न्या घडी घालून कपाटात ठेवत होते.

पाय

माझा दिवस ठरलेला असायचा. सकाळी गावातली गाडी मला कारखान्याच्या फाटकाशी सोडायची, संध्याकाळी घरी आणायची. आधी ब्रश. मऊ केसांचा, बाळाच्या डोक्यावरून फिरवतात तसला. वंदना तो हातावरून फिरवायची आणि मी दातात पदर धरून बसायची. मग झोळी. कापड चहूबाजूंनी अंग आवळायचं आणि नवल म्हणजे तो दाब मला सोसायचा. हलका स्पर्श भाजायचा, घट्ट दाब नाही. गोधडीच्या घरांत वाळूच्या पुरचुंड्या शिवून वंदनानं मला एक जड गोधडी करून दिली होती. तिच्याखाली मी पहिल्यांदा भरदिवसा शांत झोपले. उठल्यावर रडले. असं बरं वाटणं मी विसरून गेले होते.

आणि मग दाण्यांचा टब. वंदनानं कोठीतून ज्वारी आणून मोठ्या प्लास्टिकच्या टबात ओतली.

"हात नकोत बाई, हात लई नाजूक झालेत तुमचे. पाय घाला."

"ज्वारीत? पाय?"

"दुसरं काय आनू? राजगिरा?"

मी शेतकऱ्याची पोर. जमिनीवर सांडलेला दाणा पायाखाली आला तर आम्ही उचलून कपाळाला लावतो. आणि दुष्काळात, जेव्हा दारोदार पायली पायली उसनी चालली होती, तेव्हा मी माझे दोन्ही पाय घोट्यापर्यंत ज्वारीत घालून बसणार! मी टबाला नमस्कार केला, मनात क्षमा मागितली आणि पाय घातले. दाणे बोटांच्या फटींत शिरले. ठणका डोक्यापर्यंत गेला. तरी दिवसागणिक जास्त वेळ बसायला लागले. रोज नमस्कार, मग पाय.

तिसऱ्या आठवड्यात आत्याबाई अचानक आल्या. डब्यात माझ्यासाठी धपाटे होते. दारातून त्यांना काय दिसलं, तर सून खुर्चीवर रेललेली, डोळे मिटलेले, पाय ज्वारीत.

त्यांनी डबा खाली ठेवला. मूठभर ज्वारी उचलून कपाळाला लावली आणि मग माझ्या थोबाडीत मारली.

मला त्या वेळी चापट बसते की वीज पडते ह्यात फरक नव्हता. मी टबासकट पडले. ज्वारी खोलीभर झाली. त्या खाली बसून दाणे वेचत रडत होत्या. "मान्सं दान्याला म्हाग झाली आन ही त्याच्यात पाय घालून बसली. अगं, अन्नाला लाथ मारनारी तू, लेकराला काय जपनार?"

वंदना समजावायला गेली, हा उपचार आहे, डॉक्टरांनीच सांगितलंय. आत्याबाईंनी सगळे दाणे टबात परत भरले आणि धपाटे घेऊन निघून गेल्या. दुसऱ्या दिवशीपासून गावात हेच. मास्तरीण ज्वारी तुडवती. कुणीतरी तर म्हणालं, अशानंच पाऊस गेलाय.

मला राग आला का? आला. पण खरं सांगते, त्यांच्या जागी मी असते तर मीही मारलं असतं.

मंगल

कोपऱ्यात कान दाबून बसलेली ती मुलगी मंगल. एकोणीस-वीस वर्षांची असेल. बोलायची नाही. मी वंदनाला हाक मारली की मंगल टेबलाखाली जायची आणि मनगट चावायची. दुसरं कुणी बोललं तर नाही, फक्त मी.

"माझंच काय वाकडं आहे हिच्याशी?" मी एकदा चिडून विचारलं.

वंदनानं ब्रश थांबवला नाही. "पहिलीला तुमच्याच शाळेत होती बाई. दोन महिने."

मग आठवलं. घंटा झाली की ओरडणारी पोरगी. माझी नवी नोकरी होती आणि तपासणी जवळ आली होती. ओरडणं थांबेपर्यंत मी तिला खेळाच्या साहित्याच्या खोलीत कोंडायची. बाहेरून कडी. नंतर तिच्या बापाला म्हणाले, "ही इथं बसवायच्या लायकीची नाही, हिला पुन्हा आणू नका." त्यानं माझे आभार मानले होते. बाईंनी नीट सल्ला दिला म्हणून.

इथं मी मंगलची माफी मागितली असं लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल. मागितली नाही. आवाज मात्र खाली आणला, कारण ती टेबलाखाली गेली की वंदना तिच्यामागं जायची आणि माझा ब्रश राहायचा. स्वार्थच होता.

दोन-अडीच महिन्यांनी मी चेंडूंच्या हौदात बसलेले असताना मंगल आत उतरली आणि माझ्या पाठीला पाठ लावून बसली. मी श्वास रोखून आकडे मोजले. छत्तीसपर्यंत पोचले तेव्हा कळलं की भाजत नाही. जड, गरम, माणसाची पाठ, एवढंच. वंदना दारात उभी होती, तिनं तोंडावर हात ठेवला. आजारात मिळालेलं सुख म्हणाल तर ते, आणि ते अशा मुलीकडून मिळालं जिला मी कोंडत होते. 

भाकरी

उन्हाळ्यात शाळेची कोठी रिकामी झाली. कारखाना बंद, देणगी बंद. एके दिवशी सकाळी टब रिकामा दिसला.  दुपारी पंगतीत भाकरी आली. त्या टबात माझे पाय होते, मंगलचे होते, दिवसभर त्यात मुतणाऱ्या लहान्या पोरांचेही होते. स्वयंपाकीणबाई म्हणाली, "धुतलीय बाई, दोन पान्यानं. तिसऱ्याला पानी न्हवतं."

सगळ्यांनी खाल्ली. मीही खाल्ली. चव भाकरीचीच होती.

दुसऱ्या दिवशी वंदनानं सिंदफणा नदीच्या कोरड्या पात्रातून वाळू आणली आणि पोरांकडून चिंचोके गोळा करून घेतले. चिंचोके ज्वारीपेक्षा चांगले निघाले. गुळगुळीत, गार, आणि त्यांना कुणी नमस्कार करत नाही. हे आधी सुचलं असतं तर माझ्या थोबाडीत बसली नसती, आणि पुढचंही कदाचित टळलं असतं. पण आमच्या डोक्यात दाणा म्हणजे ज्वारीच.

अकरा किलो

वंदनानं एकदा विचारलं, "बाई, नेमकं काय सोसायला शिकायचंय तुमाला?"

मी सांगितलं. मागून मिठी, आणि मानेवर ओलं तोंड.

तिनं हसण्यावारी नेलं नाही. एका पोत्यात अकरा किलो वाळू भरली, ईसूचं वजन तेवढं होतं. पोत्याला गोधडीचं कापड शिवलं. रोज ते माझ्या मांडीवर, मग छातीशी, मग पाठीवर. आणि कोमट पाण्यात बुडवलेलं फडकं मानेवर. पहिल्या दिवशी ओकले. पंधराव्या दिवशी नुसते डोळे गळाले. लहान मुलं भोवती बसून बघायची, कारण मास्तरीणबाई पोत्याला "ईसू, ईसू" म्हणते ही मोठी गंमत होती. अधीक्षकांनी एकदा हळूच विचारलं, "डोक्यावर काही परिणाम वगैरे नाही ना?"

महिनोन्महिने मी ते पोतं उराशी धरलं. खरी ईसू पलीकडच्याच आळीत होती, पण बरी झाल्यावरच तिच्यासमोर जायचं, असा मी नियम केला होता. पुढच्या मृगात थोडा पाऊस झाला. एका सकाळी वंदनानं न सांगता मागून येऊन मला मिठी मारली, ओले केस माझ्या मानेवर टेकवले, आणि मी हसले. डॉक्टरांनी तपासून कागदावर लिहून दिलं, कामावर रुजू होण्यास योग्य. मी मंगलला काही न बोलता निघाले. ती झोळीत होती.

आठ दिवस

मी आधी घरी गेले, फरशी दोनदा घासली. मग मालक लताताईंच्या घरून ईसूला घेऊन आले. मागून लताताई आणि आत्याबाई. ईसू तेव्हा अडीच वर्षांची झाली होती. दोन वेण्या घातलेल्या होत्या.

मी खाली बसले, हात पसरले. "ईसू, ये."

ती पळत आली. खोलीच्या मध्यावर आली आणि थांबली. तिथं काहीही नव्हतं. तिनं खाली फरशीकडं बघितलं, अंगठे जुळवले आणि तिथंच बसली.

"ये गं बाळा, ये. आता यायचं." माझा आवाज वर्गातल्यासारखा चढला. तिला तो आवाज कळला. ती उठून उलटी पळाली आणि लताताईंच्या निऱ्यांत तोंड खुपसलं. "आई, आई," म्हणत होती. लताताई माझ्याकडं बघेनात.

"आत्याबाई, तुम्ही म्हणाला होतात..."

"म्हनले व्हते. ने की. आमी कुठं धरलंय?" त्या म्हणाल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "पर लेकरू काय वाटीतली साखर हाय का, इकडून तिकडं वतायला?"

मी नेलंच. माझी होती ती. आठ दिवस ठेवली. आठ दिवसांत तिनं मला अंगाला हात लावू दिला नाही. मी आंघोळ घालायला गेले की ताठ व्हायची, मुठी आवळायची, आणि मला त्या ताठ अंगात काय होत असेल ते आतून माहीत होतं. जगात दुसऱ्या कुठल्या आईला ते इतकं माहीत नसेल. जेवेना. दाराशी उभ्या उभ्या लघवी करायची. पाचव्या दिवशी मी तिला जबरदस्तीनं कवटाळलं. माझ्या अंगाला काहीही झालं नाही, आणि ती किंचाळत होती. मी दवाखान्यात किंचाळले होते तशी.

आठव्या दिवशी मीच तिचे फ्रॉक पिशवीत भरले आणि तिला पलीकडच्या आळीत सोडून आले. वाटेत ती माझ्यापुढं चार पावलं चालली. लताताईंच्या दारात त्या, आत्याबाई, मालक आणि मी, आम्ही चौघांनी ठरवलं, मोठी होईपर्यंत तिला काही सांगायचं नाही. मीही हो म्हणाले. लताताई माझ्या पाया पडायला वाकल्या, त्या माझ्यापेक्षा मोठ्या असून. मी मागं सरले.

कुणाच्या कामी आलं तर

तुमच्या घरी असं माणूस असेल, लहान किंवा मोठं, तर महागड्या खोलीची वाट बघू नका. जुन्या साडीची झोळी चालते, चिंचोके चालतात, वाळूची गोधडी चालते. विकत आणलेल्या वस्तूचं प्लास्टिक त्याच दिवशी फाडा. त्याला बोट लावून बघू नका. तो नखरा करत नाही. त्याला हलका हात लावण्यापेक्षा विचारून घट्ट धरा.

आणि लेकराला त्याच्यापासून तोडू नका. लांब ठेवा, हाताच्या अंतरावर ठेवा, पण रोज समोर ठेवा, आणि "मागं" म्हणू नका. माझ्या उपचाराला दहा महिने लागले आणि तेवढ्याच दहा महिन्यांत माझ्या लेकीचाही एक उपचार चालू होता, उलट्या दिशेनं. तो माझ्या ध्यानातच आला नाही. मी आपली पोतं उराशी धरून बसले होते.

दाखल

ईश्वरी सहा वर्षांची झाली आणि गावात शाळा एकच. जूनमध्ये पहिलीचे प्रवेश माझ्याकडंच असतात. सतरंजीवर नवी पोरं बसली होती, दारात आया उभ्या होत्या. मी नियमाप्रमाणं एकेकाला पुढं बोलावून विचारत होते आणि दाखल रजिस्टरमध्ये लिहीत होते. आता मी पोरांवर ओरडत नाही. घंटाही हळू वाजवायला लावते.

"ईश्वरी," मी म्हणाले. ती उठली. ओठावरचा टाक्यांचा वण आता बारीक झालाय.

"पूर्ण नाव सांग."

तिनं खणखणीत सांगितलं.

"वडलांचं नाव?"

"दिलीप." मालकांचंच नाव.

"आईचं नाव?"

"लता."

दारातल्या बाया माझ्याकडं बघायला लागल्या. लताताई त्यांच्यातच होत्या, हातात ईसूची पाण्याची बाटली. त्या घाईनं म्हणाल्या, "बाई, जन्माचा दाखला जोडलाय त्यात. त्याच्यावर असंल तसंच ल्ह्या."

दाखला माझ्यापुढं होता. लिहिताना मोठ्यानं म्हणायची मला सवय आहे. मी पेन टेकवलं आणि म्हणत म्हणत लिहिलं, "आईचे नाव, सुनंदा."

"बाई," ईश्वरी म्हणाली, "चुकलं तुमचं."

सगळी पोरं हसली. बाईची चूक पहिल्याच दिवशी काढली म्हणून एकानं टाळी वाजवली. ती माझ्याकडं बघत उभी होती, मी आता खोडीन म्हणून. दाखल रजिस्टरात खाडाखोड चालत नाही.

"बस खाली," मी म्हणाले, आणि पुढच्या पोराला त्याचं नाव विचारलं.